विसाव्याचा दिवस कसा पाळावा: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

रविवारी पहाटे पाचला आमच्या घरी पाट्यावर वाटण सुरू व्हायचं. माझं माहेर राहुरीजवळच्या एका खेड्यातलं. आम्ही ख्रिस्ती. देवळाची, म्हणजे चर्चची, पहिली घंटा साडेआठला, दुसरी नऊला. त्याआधी आईला आठ जणांचं आंघोळीचं पाणी तापवायचं असे, वडिलांच्या सदऱ्याला इस्त्री करायची असे, आम्हा बहिणींच्या वेण्या घालायच्या असत, आणि उपासनेनंतर येणाऱ्या पाहुण्यांसाठी सुक्या खोबऱ्याचं वाटण करून ठेवायचं असे. देवळात ती बायकांच्या शेवटच्या रांगेत बसायची. उपदेश मध्यावर आला की पदराखाली तिचे डोळे मिटायचे. मला वाटायचं, आई प्रार्थना करतेय. मोठी झाल्यावर कळलं की सगळ्या आठवड्यात तेवढीच वीस मिनिटं ती बसत होती. रविवारी रात्री भांडी पालथी घालून झाली की म्हणायची, "चला, उद्या सोमवार. बरं झालं."

पुढे मी नर्स झाले. पुण्यात चोवीस वर्षं पाळ्यांमध्ये नोकरी केली. नवरा भोसरीच्या एका कारखान्यात, आणि त्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांसारखी त्यांचीही साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. मुलांची शाळा रविवारी बंद. माझा ऑफ दर आठवड्याला वेगळ्या वारी. अशा घरात आठवड्यातला एक दिवस देवासाठी आणि विसाव्यासाठी बाजूला काढायला आम्हाला बरीच वर्षं लागली. आता मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, नवी जोडपी, नव्यानं विश्वासात आलेली मुलंमुली विचारतात, "सिस्टर, म्हणजे नेमकं करायचं काय?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिलं काम: आज्ञा दोन्ही ठिकाणी वाचा

विसाव्याचा दिवस, म्हणजे शब्बाथ, पवित्र पाळण्याची आज्ञा दहा आज्ञांपैकी बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत चौथी, कॅथलिक मोजणीत तिसरी. ती पवित्र शास्त्रात दोनदा येते, निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात. दोन्ही एकामागून एक वाचा, कारण दोन्हीकडे कारण वेगळं दिलं आहे. निर्गम म्हणतं, देवानं सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तूही घे. अनुवाद म्हणतं, तू मिसर देशात दास होतास आणि परमेश्वरानं तुला तिथून बाहेर काढलं, ते आठव, आणि म्हणून हा दिवस पाळ.

माझं स्पष्ट मत असं की सुरुवात करणाऱ्यानं अनुवादातलं कारण आधी मनात धरावं. मिसरच्या राजाच्या, फारोच्या, राज्यात या इस्राएल लोकांना रोज ठरलेल्या विटा मोजून द्याव्या लागत. पुढे गवताचा पुरवठा बंद झाला, तरी विटांची संख्या कमी झाली नाही. अशा लोकांना देव सांगतो की एक दिवस विटा नाहीत. त्या दिवशी तुमची किंमत तुमच्या कामावर ठरणार नाही. मीटिंग, टार्गेट, ओव्हरटाइम यांत अडकलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मग आज्ञेतली यादी बघा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, आणि तुझ्या वेशीच्या आत असलेला उपरी, म्हणजे परका माणूस. अनुवादात पुढे उघडच म्हटलं आहे की तुझ्यासारखाच तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळावा. म्हणजे विसावा घ्यायचा तसा द्यायचाही आहे. घरातला सगळ्यात दमलेला माणूस कोण, हे बघितल्याशिवाय हा दिवस पाळला असं म्हणता येत नाही. या यादीत पत्नीचं नाव वेगळं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे 'तू' म्हटलं त्यात नवरा-बायको दोघंही आली. आमच्या कित्येक घरांनी मात्र ते तसं वाचलेलं नाही.

एक भीती सुरुवातीलाच काढून टाका. हा दिवस पाळला म्हणून तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळत नाही आणि एखाद्या आठवड्यात चुकला म्हणून ते जात नाही. कलस्सैच्या मंडळीला प्रेषित पौलानं लिहिलं की शब्बाथाच्या बाबतीत कोणी तुमचा न्याय करू नये. आणि प्रभू येशूनं सांगितलं की शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही.

दुसरं: वार ठरवा

बहुतेक ख्रिस्ती लोक रविवार पाळतात, कारण प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी मेलेल्यांतून उठला. त्रोवसात शिष्य पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले होते, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. प्रकटीकरणात 'प्रभूचा दिवस' हा शब्द येतो आणि त्यावरूनच आपण प्रभुवार म्हणतो. साधारण इ.स. १५०च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं रोममधून लिहिलेलं वर्णन आजच्या उपासनेशी इतकं जुळतं की वाचताना आपलीच मंडळी दिसते: शहरातले, खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतात, वाचन होतं, उपदेश होतो, उभं राहून प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, आणि जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी यांच्यासाठी जातं.

पण पाळीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या लोकांना रविवारची सुट्टी नव्हती. रोमी सुभेदार प्लिनीनं इ.स. ११२च्या आसपास सम्राटाला पाठवलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी सूर्योदयापूर्वी जमतात असं लिहिलं आहे. उजाडल्यावर कामाला जायचं असणार. रविवारी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवण्याचा हुकूम सम्राट कॉन्स्टंटाइननं काढला तो इ.स. ३२१मध्ये, आणि त्यातही शेतकऱ्यांना मोकळीक होती. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं मंडळीनं सुट्टीशिवाय हा दिवस धरून ठेवला.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. ते सत्यशोधक. १८८४पासून त्यांनी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ती मान्य केली. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, आणि कामगारालाही त्या दिवशी सवड हवी होती. उपासनेला जाताना रस्ता मोकळा दिसतो त्यामागे ख्रिस्ती नसलेल्या माणसाचे कष्ट आहेत, हे मी शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, मुलांना दर वर्षी सांगते.

काही ख्रिस्ती शनिवार पाळतात. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ मानते. पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे, तिथल्या लोकांना विचारा, शुक्रवार म्हणजे तयारीचा दिवस, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आणि कोकणातले बेने इस्रायल ज्यू तर शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवत आले. तेल गाळणारी माणसं आणि शनिवारी काम नाही, म्हणून गावानं त्यांना नावच दिलं, शनिवार तेली. एवढी कोकणी गावं, शेजारी कोणी दुसरा ज्यू नाही, आणि घाणा तरी बंद. मला त्या नावाबद्दल फार आदर वाटतो.

तुम्ही काय करावं? रविवार मोकळा असेल तर रविवारच धरा, कारण मंडळी त्या दिवशी जमते आणि एकट्यानं पाळलेला दिवस फार टिकत नाही. रविवारी काम असेल तर जो साप्ताहिक ऑफ असेल तो धरा आणि आठवड्यात एकदा तरी मंडळीसोबत बसा. कॅथलिक मंडळींना शनिवार संध्याकाळची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, रविवारची म्हणून चालते. बऱ्याच प्रॉटेस्टंट देवळांत रविवारी संध्याकाळचीही उपासना असते. आखातात गेलेल्या आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं शुक्रवारीच उपासना केली, कारण सुट्टी शुक्रवारची. संयुक्त अरब अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी झाली ती २०२२च्या जानेवारीपासून. कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, असं पौलानं रोमकरांस लिहिलं. वारावरून भांडू नका.

तिसरं: केव्हापासून केव्हापर्यंत, ते घड्याळात ठरवा

"जमेल तसं पाळू" म्हणणाऱ्यांचं पहिल्या महिन्यानंतर पुढे जात नाही, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. सुरुवात आणि शेवट ठरलेला हवा. उत्पत्तीत संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा पहिला दिवस, असं येतं. दिवस संध्याकाळी सुरू होतो. आम्हाला ही पद्धत फार मानवली. शनिवारी संध्याकाळी सातला आमचा दिवस सुरू होतो. त्यात एक मोठी सोय आहे: विसाव्याची सुरुवात झोपेनं होते. आपण काहीही करायच्या आधी देवाचं काम चालू असतं, आणि सकाळी उठतो तेव्हा अर्धा दिवस आपल्याला आयता मिळालेला असतो.

एकदम चोवीस तास घेऊ नका. पहिला महिना शनिवारी संध्याकाळी सातपासून रविवारी दुपारी एकपर्यंत. ते अंगवळणी पडलं की संध्याकाळपर्यंत वाढवा. मी कामावर असताना आमच्या वाट्याला काही वर्षं फक्त शनिवारचं जेवण आणि रविवारची संध्याकाळची उपासना एवढंच एकत्र आलं. तेवढ्यावर घर तगलं.

चौथं: शनिवार. सगळं इथे ठरतं

रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, मिळत होता तेव्हा तो रोजचा रोज गोळा करायचा होता. उरवून ठेवला की त्यात किडे पडत आणि घाण सुटे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, माणशी दोन ओमर (तेव्हाचं एक माप), आणि तो दुसऱ्या दिवशी चांगला राही. त्यांचा पुढारी मोशे यानं सांगितलं की भाजायचं ते आज भाजा, शिजवायचं ते आज शिजवा. तरी काही जण सातव्या दिवशी टोपल्या घेऊन बाहेर गेलेच. त्यांना काही मिळालं नाही. (निर्गमाचा सोळावा अध्याय, घरच्या उपासनेत मुलांना जरूर वाचून दाखवा.)

मुलं शाळेत होती त्या काळातला आमचा शनिवार असा. सकाळी मटकी उपसून मोड यायला बांधलेली असते, कारण ती शुक्रवारीच भिजवली. दुपारी चारला कांदा-खोबरं भाजून वाटण होतं, अर्धं शनिवारच्या आमटीला, अर्धं डब्यात भरून फ्रीजमध्ये. कणीक मळून ठेवलेली. पाचला सगळ्यांचे कपडे इस्त्री होतात आणि हँगरला लागतात. मोजे, बूट, मुलीच्या रिबिनी एका जागी, कारण रविवारी सकाळी घरात आवाज चढतो तो नेहमी एका मोज्यावरून. स्कूटरमध्ये पेट्रोल. दानाचे पैसे पाकिटात घालून पवित्र शास्त्रात ठेवलेले. वीजबिल, रिचार्ज, शाळेची फी, जे काही डोक्यात घोळत राहील ते त्याच दिवशी भरून मोकळं. मुलांचा गृहपाठ साडेसहापर्यंत. राहिला तर राहिला, सोमवारी शिक्षकांना सांगायचं.

एक वही ठेवा. अर्धवट राहिलेली कामं सातच्या आत त्यात लिहा आणि वही मिटून कपाटात ठेवा. साधी गोष्ट आहे, पण रात्री अडीचला "अरे, ते राहिलं" म्हणून जाग येते ती याने थांबते. मला स्वतःला आठवड्यातली पहिली शांत झोप या वहीमुळे मिळाली.

आणि ही कामं वाटून घ्या. शनिवारचं सगळं बाईनंच केलं तर तिचा थकवा फक्त एक दिवस अलीकडे सरकतो. आमच्याकडे इस्त्री नवऱ्याची, बूट मुलाचे, वाटण माझं.

पाचवं: दिवस उघडा

सातला सगळे जेवणाच्या जागी बसा. टीव्ही बंद. काही घरांत मेणबत्ती लावतात. नाही लावली तरी बिघडत नाही. स्तोत्र ९२ वाचा. त्याच्या मथळ्यातच ते शब्बाथ दिवसाचं गीत असल्याचं लिहिलं आहे. एक गाणं, पेटी असेल तर पेटीवर, नसेल तर टाळ्यांवर. मग प्रत्येकानं आठवड्यातली एक गोष्ट सांगायची ज्याबद्दल आभार मानायचे. लहान मुलं "वर्गात मला खिडकीजवळ बसायला मिळालं" असलं काहीतरी सांगतात. ते तसंच प्रार्थनेत घ्या.

घरात अबोला असेल तर तो याच वेळी संपवा. माफी मागायला लाज वाटते, मला अजून वाटते, पण राग घेऊन झोपलं की सकाळची उपासना फक्त अंगानं होते.

सहावं: उपासना

इथे फार सांगण्यासारखं नाही. वेळेच्या दहा मिनिटं आधी जाऊन बसा, मोबाईल बंद करा, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असेल त्या रविवारी आधी स्वतःची परीक्षा करा. नव्यांना गाण्यांच्या चाली माहीत नसतात. शेजाऱ्याच्या पुस्तकात बघून ओठ हलवा, दोन महिन्यांत येतं. उपासना सुटल्यावर लगेच पळू नका. अंगणात सलाम करत उभं राहणं हासुद्धा उपासनेचाच भाग आहे. कोण आलं नाही, कोणाच्या सासूबाई आजारी आहेत, कोणाची नोकरी गेली, हे तिथेच कळतं.

सातवं: दुपारचं जेवण

मला ज्यासाठी हे लिहायचं होतं ते इथे आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत रविवार म्हणजे मटण. देवळातून येताना पुरुष मंडळी रांगेत उभी राहतात, घरी बाई कपडे न बदलता गॅस पेटवते, दोनला जेवणं, तीनपर्यंत भांडी, चारला पाहुण्यांचा चहा. उपदेशात विसाव्याबद्दल ऐकून आलेलं कुटुंब, आणि त्यातली एक जण सकाळपासून उभी. माझ्या आईनं चाळीस वर्षं हे केलं. मीही पहिली अकरा वर्षं केलं. एकदा रात्रपाळी करून आले, तशीच उपासनेला गेले, घरी येऊन बारा माणसांचा स्वयंपाक केला, आणि वाढता वाढता रस्सा हातावर सांडला. भाजल्याचं मी काही बोलले नाही. माझ्या मुलानं पाहिलं, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यानं विचारलं, "मम्मी, रविवारी तुला सुट्टी नसते का?"

त्यानंतर बदल केला. मटण शनिवारी शिजतं. खरं सांगायचं तर रस्सा दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगला लागतो. रविवारी फक्त भात आणि गरम करणं. भाकरी हवी असेल तर शनिवारीच जास्त थापून ठेवलेली, तव्यावर तूप लावून परतायची. पाहुणे येणार असतील तर ज्याच्या घरी जमायचं त्यानं भात करावा, बाकीच्यांनी एकेक डबा आणावा. हे मोकळेपणानं सांगायला शिका. भांडी पुरुषांनी आणि मुलांनी घासायची. घरी मोलकरीण येत असेल तर तिला त्या दिवशी पगारी सुट्टी द्या. आज्ञेत दासी शब्द आहे, तो तिच्यासाठी आहे.

आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा पहिल्या रविवारी ती पाचलाच उठली. स्वयंपाकघरात दिवा लावून उभी राहिली, डबे उघडून बघितले, सगळं तयार. मी उठून चहा केला. तिनं बशीत ओतून हळूहळू प्यायला आणि मग गॅलरीत खुर्चीवर गायनाचं पुस्तक घेऊन बसली, उजाडेपर्यंत. मला म्हणाली, "अगं, मला काहीतरी विसरल्यासारखंच होतंय."

आठवं: दुपार, दुकान आणि फोन

झोपा. दुपारची झोप आळस नाही. जागे झाल्यावर फिरायला जा, आजारी माणसाला भेटा, आईवडिलांच्या कबरीवर फुलं ठेवून या, मुलांबरोबर कॅरम खेळा. दुखण्यात पडलेल्याकडे दहा मिनिटं बसणं हे या दिवसाचं सगळ्यात जुनं काम. अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला येशूनं सभास्थानात शब्बाथ दिवशीच सरळ उभं केलं, आणि सभास्थानाचा अधिकारी चिडला की यासाठी सहा दिवस आहेत ना.

खरेदी टाळा. पवित्र शास्त्रातल्या नहेम्या या सुभेदारानं यरुशलेमेच्या वेशी शब्बाथाच्या आदल्या दिवशी अंधार पडू लागताच बंद करवल्या होत्या, कारण सोर शहराचे व्यापारी मासळी घेऊन येत आणि लोक घेत. एक-दोनदा व्यापारी कोटाबाहेर मुक्काम ठोकून बसले. त्यानं तटावरून बजावलं तेव्हा यायचे थांबले. आज वेस आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे. दहा मिनिटांत दही आणून देणारा पोरगा जिना चढून येतो, तो तुमच्या वेशीच्या आतला उपरी. दही शनिवारी विरजता येतं.

फोन पूर्ण बंद ठेवणं प्रत्येकाला शक्य नाही, म्हाताऱ्या आईवडिलांचा फोन येऊ शकतो. आम्ही आवाज चालू ठेवतो आणि इंटरनेट बंद करतो. ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवडाभरात एकदा एक दिवस वाट बघू शकतो. वरिष्ठांना एकदाच नम्रपणे सांगून ठेवा की अगदी तातडीचं असेल तर फोन करा.

अडतं तिथे

जुन्या प्रॉटेस्टंट शिक्षणात दोन प्रकारची कामं या दिवशी मोकळी ठेवली आहेत: गरजेची आणि दयेची. बहुतेक प्रश्न यातच सुटतात. गाईचं दूध काढावंच लागतं. बैलाला गव्हाणीतून सोडून पाण्यावर नेता की नाही, असं प्रभूनंच विचारलं होतं. कांदा काढून शेतात पडलाय आणि आभाळ भरून आलंय, तर झाका. पण पाऊस नसताना "एवढं उरकून घेऊ" म्हणून मजुरांना बोलावू नका.

रविवारी ड्यूटी असलेल्या नर्स, पोलीस, बसचालक, वॉचमन यांनी अपराधी वाटून घेऊ नये. मी वॉर्डमध्ये औषधाच्या ट्रॉलीजवळ उभी राहून कित्येक रविवारी मनातल्या मनात स्तोत्र म्हटलं आहे. फक्त त्या आठवड्यात दुसरा दिवस खरोखर घ्या. मी तो घेत नव्हते, ऑफच्या दिवशी पडदे धुवायची, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी माझा रक्तदाब वाढला.

स्पर्धा परीक्षा बऱ्याचदा रविवारीच असतात. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेल रविवारच्या फेरीमुळे शंभर मीटर धावला नाही आणि मग चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवलं. ज्याचं मन तेवढं ठाम आहे त्यानं तसं करावं. पण ज्या मुलीच्या नोकरीवर घर अवलंबून आहे तिला मी तरी परीक्षेला जा म्हणते, सकाळी तिच्यासाठी प्रार्थना करते आणि दुसऱ्या कोणत्या दिवशी विसावा घेणार ते विचारून ठेवते. दर रविवारच्या क्लासचं मात्र वेगळं आहे. वेळ बदलून मागा, पुष्कळदा मिळते.

सासरी किंवा माहेरी तुम्ही एकटेच ख्रिस्ती असाल तर तुमच्या दिवसाचा भार दुसऱ्यावर पडू देऊ नका. सून उपासनेला गेली आणि सासूबाई धुणं धुवत बसल्या, तर त्या घरात या दिवसाबद्दल प्रेम कसं निर्माण होणार? आपल्या वाटणीचं काम शनिवारी करून ठेवा, आणि दुपारी सासूबाईंनाही थोडं पडू द्या.

शेवटी: दिवस मिटवा

रविवारी संध्याकाळी सातला पुन्हा पाच मिनिटं एकत्र बसा. प्रभूची प्रार्थना म्हणा. मग एकच प्रश्न विचारा, आज घरात सगळ्यात जास्त कोण दमलं? खरं उत्तर द्या. आम्ही ते नाव कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहितो. ज्याचं नाव येईल त्याचं एक काम पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं उचलायचं. मागच्या महिन्यात दोन रविवार सुनेचं नाव आलं. बाळाचे कपडे आता शनिवारी माझा मुलगा धुतो आणि दुपारची भांडी त्याचे वडील.